पडद्याची सुलटी बाजू

रुपरावनं धोतराचं शेवटचं टोक कडुनिंबाच्या फांदीला बांधलं आणि कमरेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. सरकारी पडदा मागच्याच गावात फाटला होता. नागपूर सोडल्यापासून रोज एक गाव, रोज तीच फिल्म, धानाच्या लागवडीची. आता त्याला ती डोळे मिटूनही दिसायची.

जीपमधला जनरेटर धडधडू लागला. मशीनचा उजेड धोतरावर पडला. पुरुष पुढं बसले, बाया धोतरामागं. सगळ्या गावांत तसंच. मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं, डावं ते उजवं.

तो फोकस जमवत होता, तेवढ्यात एक बाई पाण्याचा गडवा घेऊन मशीनजवळ आली. तिशीही नसेल. कपाळ मोकळं.

"भाऊ, मले इथून पाहू द्याल काय?"

"काहून? मांगं जागा नाही काय?"

"जागा हाये." तिनं गडवा पुढं केला. "तुमच्या फिलममदी शालिकराम हायेत. माहे मालक. आमच्याच धानाच्या बांधीत काढली तुमच्या लोकायनं, मांगच्या सालच्या रोवणीत. मंग पोळ्याले त्यायले साप चावला."

रुपरावनं गडवा घेतला. पाणी प्यायला नाही.

"कुहीच्या बाजारात पाह्यली म्या. बायांत बसून. ते डाव्या हातानं पेंढ्या फेकून राहिले होते. हासणंबी दुसऱ्याच अंगाले. परका माणूस वाटला, भाऊ. घरी फोटो नाही." मग हळूच, "त्यायच्यावर थांबवता येते काय?"

"थांबवलं का फिलम जळते, बाई. आले का पाहून घ्या."

त्यानं तिला रिळांच्या रिकाम्या पेटीवर बसवलं. पुढच्या पुरुषांतला मारोतराव ओरडला, "काहून गा आपरेटर, सुभद्रा इकडं कशी?"

"मशीन धराले माणूस लागते. तू येतं काय?"

लोक हसले. फिल्म सुरू झाली.

बांधी आली, चिखल आला, वाकलेल्या बाया आल्या. मग शेताच्या धुऱ्यावर शालिकराम. उजव्या हातानं रोपांच्या पेंढ्या चिखलात भिरकावणारा. त्यानं कपाळ पुसलं, समोर पाहिलं आणि धोतरभर हसला.

रुपरावनं पेटीकडं पाहिलं. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मान खाली.

"बाई! गेले ना ते!"

"मामाजी बसले हायेत समोर," ती पुटपुटली. "त्यायच्या देखत मालकाच्या तोंडाकडं कशी पाहू?"

रुपरावची कंबर ठणकत होती. अजून जेवण व्हायचं होतं, सामान बांधायचं होतं. त्यानं एक सुस्कारा सोडला आणि उलटा खटका दाबला.

चिखलातल्या पेंढ्या उडून शालिकरामच्या हातात परत आल्या. पोरं खिदळली. पहिल्या रांगेतल्या नत्थूजींनी, शालिकरामच्या बापानं, म्हणजे सुभद्राच्या मामाजींनी, मागं वळून पाहिलं. मशीन पाहिली. पेटी पाहिली. पेटीवरचा पदर पाहिला.

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला.

"बसा ना गा, नत्थूजी," मारोतराव म्हणाला. "तुमचाच पोरगा येऊन राहिला पुन्हा."

"मले तिकडून चांगलं दिसते," नत्थूजी म्हणाले आणि धोतराला वळसा घालून बायांत गेले.

रुपरावनं खटका सुलटा केला. शालिकरामनं कपाळ पुसायला उजवा हात उचलला. पेटीवरचा पदर हळूहळू वर गेला.

धोतर जमिनीपासून हातभर वर होतं. त्याखाली नत्थूजींचे म्हातारे, भेगाळलेले पाय दिसत होते. वर कापडाला मागून हाताची बोटं टेकलेली.