पहिले तू बस

दाढ दुखते म्हणून सुकलालनं अख्खं रनाळं गाव डोक्यावर घेतलं होतं. पण नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हातात पकड दिसली आणि गडी थेट बायकोच्या पाठीमागे लपला.

"पहिले तू बस," त्यानं सुगंधाबाईला खुर्चीकडे ढकललं. "दुखस का नही, मंग माले सांग."

ती निमूट बसली, तिनं आ केला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला, एका दाढेला हलकेच टोचलं आणि त्या दचकल्याच. "अहो मावशी, ही तर पार मुळापर्यंत किडलीय! घरात कुणाला सांगितलं कसं नाही?"

सुगंधाबाईनं नवऱ्याकडे एकवार पाहिलं.

"दुखे ते बहू, मॅडम. पन ह्या दिनरात बोंबलेत, मन्हा नंबरच लागना नही."