रोजीनची आई चार म्हणते

“आत येताना तमिळ वहाणांपाशी काढून ठेवायची आणि बाहेर जाताना मराठी देवापाशी. उंबरा ओलांडायच्या आधी तोंड तपासायचं, गोमती.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा गोमती नवी नवरी होती. सासूबाई गेल्या, सांगणं राहिलं. कुंभकोणमच्या या गल्लीत सारं आयुष्य गेलं, पण शेजारणींनी तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकलेला नव्हता. आणि घरात मुलानं तिच्याकडून दुसरं काही ऐकलेलं नव्हतं.

तो मुलगा, विघ्नेश, सुट्टीला फिनलंडहून आलेला, आज जेवता जेवता म्हणाला, “आई, जननीशी मराठी बोलायचं बंद कर.”

गोमतीच्या हातातली अंबट भाजीची पळी केळीच्या पानावर अधांतरी थांबली.

“काय म्हणून?”

“फिनलंडात वाढते आहे ती. गेल्या सुट्टीत इथून परत गेली आणि वर्गात टीचरकडे ‘पाणी, पाणी’ करत बसली. पोरं हसली तिला. फिनिश आहे, इंग्रजी आहे, थोडं तमिळ. पुरे की. ही आपली तंजावरी मराठी, राजांच्या काळी इकडे आलेली, घेऊन ती जाईल कोठे? पुण्यास गेलो तर तिथलेसुद्धा विचारतात, ही कोणती भाषा म्हणून.”

शेजारच्या पानावर त्याची लेक जननी तांदळाचे तळलेले वडाम ओळीनं मांडत होती. तिचं बोट एकेका वडामवर टेकत होतं. “युक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या.” मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “येक, दु, से, चार. हे रोजीनचं.”

“रोजीन कोण ग?” गोमतीनं विचारलं.

“आमच्या खाली राहते. त्यांच्या घरात कुर्दी बोलतात. अज्जी, टीचर नेल्या म्हणतात, पण रोजीनची आई चार म्हणते. तुझ्यासारखं! आणि टीचर नावाला निमी म्हणतात. रोजीनची आई नाव म्हणते. नाव!” तिनं एक वडाम तोंडात टाकला. “रोजीनची आई तुझी कोण लागते?”

“कोणी नाही,” विघ्नेश म्हणाला. “खा.”

गोमतीनं भाजी वाढली. “दोन्ही भाषा आहेतच ना रे तिथे. मग एकीला टीचर आणि दुसरीला नुसती आई, असं का?”

“फिनिशला देश मिळाला, आई. एके काळी तीही कुळांच्या, गडीमाणसांच्या घरातलीच होती. कचेऱ्या, कॉलेजं सारी स्वीडिशमध्ये. आज कोर्ट तिचं, परीक्षा तिची. कुर्दी बोलणारे कोट्यवधी आहेत, पण देश नाही. रोजीनच्या आजीच्या गावात तर शाळेत कुर्दी शब्द निघाला की मार बसायचा.”

“मग?”

“मग काय. घरात बोलत राहिली. दार लावून.”

“त्यांस सरकारनं अडवलं,” गोमती हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. “मज तू.”

“तसं नाही ग.”

“मग कसं? आणि हे सारं तू मज सांगतोस ते कोणत्या भाषेत रे?”

विघ्नेशला हसू आलं. पण ते त्यानं गिळलं. “मी चुकलो असेन, पण माझी पोर रडत घरी येते. या घरात तिच्याशी मराठी बोलणार नाहीस असा शब्द दे. तू दिलेला शब्द मोडत नाहीस म्हणून मागतो.”

हे तर त्याला लहानपणापासून माहीत होतं. पहाटे दिवा लागल्याशिवाय आई पाण्याला शिवत नसे आणि तापानं फणफणली तरी तिचा उपास चुकत नसे.

गोमतीनं देवाकडे पाहिलं. निरांजन अजून तेवत होतं.

“या घरात?” तिनं विचारलं.

“या घरात.”

“दिला.”

मग ती गप्प झाली. जननीनं काही विचारलं की मान हलवी, हातानं खूण करी. “अज्जीचा घसा बसला का?” असं पोरीनं बापाला विचारलं, तेव्हा तो फोनमध्ये पाहत राहिला.

ऊन कललं. गोमतीनं तोंडावर पाणी मारलं, कुंकू नीट केलं आणि बोटानं जननीला बोलावलं. देवापाशी ती नेहमीसारखी थांबली. हात जोडले. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. ओठांतली मराठी आज ती तिथे ठेवणार नव्हती. उंबरा ओलांडला, वहाणा घातल्या, ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

समोरच्या ओट्यावर विशालाक्षी मोगऱ्याचा गजरा गुंफत बसली होती.

“जननी!” गोमतीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “ये ग माझ्या बाळे! बस स्टँडपर्यंत चालू. वाटेत किती गोपुरं दिसतात ती मोज. रोजीनच्या आईला कळतील अशी मोज!”

विशालाक्षीच्या हातातला दोरा थांबला. “गोमती, हे काय बोलतेस ग? कोणती भाषा ही?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

“आमची,” गोमती म्हणाली. तेही मराठीतच.

विघ्नेश धावत दारापर्यंत आला. “आई! शब्द दिलास ना?”

गोमतीनं वळून पाहिलं. तो उंबऱ्याच्या आत उभा होता, अनवाणी.

“तोच पाळायला चालले,” ती म्हणाली, आता पुन्हा तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, आणि नातीचं बोट धरून पहिल्या गोपुराच्या दिशेनं निघाली.