साकवावरचं पाणी

"साकवावरून पाणी चाललंय, फुजैलभाई," दयारामशेठ फोनवर म्हणाला. "माझं ऐकाल तर बस आणू नका."

फुजैलने खिडकीबाहेर पाहिलं. नवीन पनवेलात सकाळीच दिवेलागण झाल्यासारखा अंधार होता. ऐन नोव्हेंबरात पाऊस असा कोसळत होता की समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसेना.

मुंबई बंदराला परदेशी क्रूझ लागली होती. तिच्यावरच्या पाहुण्यांना बसने फिरवून संध्याकाळी पुन्हा जहाजावर पोचवायचं, हे फुजैलच्या कंपनीचं काम. आधी कर्नाळ्याचे पक्षी, मग आपट्याच्या पुढची कातकरवाडी. तिथे नाच, लाकडाच्या मोळ्या, चुलीवरची भाकर. पाहुण्यांना गरिबी बघायची असते. फक्त ती वाळलेली लागते.

वाडी ओढ्यापलीकडे. मधे कठडे नसलेला ठेंगणा साकव. मागल्या हंगामात दुसऱ्या एका कंपनीची बस कुठेतरी अशाच साकवावरून कलंडली आणि दोन म्हाताऱ्या बायका वाहून गेल्या. त्या सहलीचा इनचार्ज फुजैलचा दोस्त. तो अजून कोर्टाच्या तारखा करतोय, आणि झोपेत दचकून उठतो असं त्याची बायको सांगते. आज फुजैलच्या बसच्या यादीतही सत्तरी ओलांडलेलेच जास्त होते.

"पण शेठ, तुमचं जेवण तर चुलीवर चढलं असेल."

वाडीला लागून दयारामशेठचं फार्महाउस होतं, त्याचं कुंपण दरवर्षी वाडीकडे थोडं सरकायचं. बस त्याच्याच आवारात उभी राहायची, पाहुणे त्याच्याच व्हरांड्यात जेवायचे.

"जेवणाचं सोडा हो. एक पैसा नको मला. माणसाचा जीव महत्त्वाचा." मग सहज विचारल्यासारखं तो म्हणाला, "पुढचं जहाज कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"मग हरकत नाही. पंधरा दिवस पुष्कळ झाले."

फुजैलला भरून आलं. पाण्याच्या बाटलीचेही पैसे लावणारा माणूस, पण वेळेला कसा उभा राहिला.

जहाजावरची सहलींचं बघणारी बाई तोवर दोनदा विचारून झाली होती. जे काय ते पाहुणे शिडी उतरायच्या आत सांगा, एकदा उतरले की जबाबदारी तुमची, असा तिचा खाक्या. आणि खराब हवेमुळे रद्द म्हणायचं असेल तर जागेचा फोटो पाठवायचा, नुसत्या शब्दावर ती विश्वास ठेवत नसे.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. साळू होती. वाडीतला नाच तीच बसवायची, पाहुण्यांना कुंकू तीच लावायची.

"निगाले का जहाजवाले, भाय?"

फुजैलने तिला साकवाचं सांगितलं.

"कोन बोल्ला? पानी नाय हितं. ढग हाय नुसता."

तिचं तेच तेच चाललं. एक गाडी तरी येऊ द्या. फुजैलने समजावलं, नाच पुढच्या खेपेला करू.

"नाच नको भाय. नुस्ते येऊन बसले तरी चालंल. दिसभर बसू द्या. ते मोठं क्यामेरं आनतील ना?"

फुजैल मनात हसला. दोन वर्षांपूर्वी हीच साळू कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढून पाठ फिरवायची. आम्ही काय जनावर हाय का, म्हणायची. आता फोटोमागे नोट मिळते हे कळल्यावर लाज पळाली. हसता हसता त्याला संताप आला.

"साळूबाई, तुमच्या चार नोटांसाठी म्हाताऱ्या माणसांना ओढ्यात घालू काय?"

पलीकडे एक पोर रडत होतं. त्याच्यामागे कुठेतरी खोल घरघर उठली.

"ऐका. तिकडेही गडगडतंय आणि तुम्ही म्हणता ढग हाय नुसता."

साळूने आवाज खाली आणून विचारलं, "शेठ तुमच्याजवळ बसलाय का?"

"नाही. का?"

"काय नाय." तिने श्वास घेतला. "येऊ द्या त्यानला. पाया पडते तुमच्या."

फुजैलने फोन कापला आणि सहल रद्द केली. जहाजाला कळवलं, बसवाल्याला कळवलं, गाइडला घरी पाठवलं. मग खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले. शुक्र आहे, आपल्या हातून आज कुणाचा घात झाला नाही.

फोटोचं राहिलं होतं. डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून, वरून रेनकोट चढवून त्याने मोटरसायकल काढली. पळस्प्यापर्यंत समोरचं दिसत नव्हतं. कर्नाळ्याची खिंड उतरला आणि पाऊस थांबला. आपट्याच्या फाट्यावर वळला तेव्हा रस्ता कोरडा होता. पाणी वरून येत असेल, डोंगरातून, असं तो स्वतःला सांगत राहिला. उकडायला लागलं तसा त्याने रेनकोट उतरवला.

साकवावर धूळ होती. खाली ओढा घोट्याएवढा. पलीकडून जेसीबी येत होता, त्याने हॉर्न देऊन फुजैलला बाजूला व्हायला लावलं. घरघरत तो साकवावरून पार झाला. पुढच्या बकेटमध्ये मोडके बांबू होते, कुडाच्या भिंतीचे तुकडे होते, आणि सगळ्यांच्या वर झेंडूचं तोरण आणि 'वेलकम' लिहिलेली फळी. मागोमाग दयारामशेठ चालत आला, बगलेत मिटलेली छत्री. त्याने फुजैलला हात केला. ओढ्याच्या काठावर भांड्यांच्या ढिगाजवळ साळू पोरांना घेऊन बसली होती. तिने फुजैलच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली.