हाजींचा होकार

“तोंड उघडायचं नाही,” जिन्यात थांबून मुनीनाने तिसऱ्यांदा बजावलं. “तू आज सकाळीच नवाकशोतहून उतरलायस. तुला चिनी येत नाही.”

“अकरा वर्षं या यीवूत रोट्या भाजतोय मी,” सिदाती पुटपुटला. “आता मुका पण होऊ?”

“एक दिवस हो. मी खोकले की नाही म्हणायचं. डोळे मिटले की हो.”

तिने त्याच्या उसन्या निळ्या झग्याच्या चुण्या सारख्या केल्या. जिने चढून तिचे गुडघे ठणकत होते, आणि अजून एक मजला बाकी होता.

नऊ वर्षांपूर्वी ती नवाकशोतच्या आपल्या दुकानासाठी मलहफ्याचं, म्हणजे तिकडच्या बायका अंगभर गुंडाळतात ते पाचवारी कापड घ्यायला या चिनी शहरात पहिल्यांदा आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात शहाणी झाली होती. या बाजारात मालक म्हणून बसायचं नाही. मालक भिडेला बळी पडतो आणि हो म्हणून बसतो. आपल्या मागे कुणीतरी कडक माणूस हवा. म्हणून तिने हाजी उभा केला. हाजी म्हणजे तिचा नवरा: तापट, चिक्कू, नवाकशोतला बसून सगळ्याला नाही म्हणणारा. खऱ्या नवऱ्याला तिने कधीच सोडलं होतं. ‘नवऱ्याला विचारून कापड घेते’ असं ती गावात म्हणाली असती, तर बाजारातल्या बायका हसून लोळल्या असत्या.

इथे मात्र भाव निघाला की ती फोन घेऊन बाहेर जायची. बंद फोनला गुडघेदुखी सांगायची आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायची. “हाजी ओरडले, ताई.”

तिला कापड विकणारी फांगताई तरी कुठे सुखात होती? कारखाना तिच्या वडिलांचा. प्रत्येक आकडा घेऊन ती आतल्या खोलीत जायची, दार लोटायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. “बाबांनी कप फेकला गं.” न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याच्या नावानेच मुनीनाला धडकी भरायची.

यंदा फांगच्या कारखान्यात निळीत रंगवलेल्या कापडाचा एक नवा नमुना निघाला होता. तो नवाकशोतमध्ये एकटीने विकायचा हक्क मुनीनाला हवा होता. तेस्लेमलाही हवा होता, आणि तेस्लेमचं दुकान मुनीनाच्या समोरच. तिला मिळाला तर ईदच्या आधीच मुनीनाच्या दुकानाला कुलूप लागणार होतं.

तीन दिवस घासाघीस चालली. शेवटी कंटाळून मुनीना बोलून गेली, “हाजी म्हणतात, तुमच्या बाबांनी समोर बसून भाव सांगावा. तरच पुढचं बोलू.” बाबा कुणालाच भेटत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. नकार येईल, फांग जरा ओशाळेल आणि भाव उतरवेल, एवढाच तिचा डाव होता.

फांग आत गेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“बाबा तयार आहेत,” ती बाहेर येऊन म्हणाली. “पण ते फक्त हाजींशी बोलतील. गुरुवारी.”

आज गुरुवार होता, आणि सिदाती हाजी झाला होता.

म्हातारा मोठ्या खुर्चीत बसला होता. राखाडी कोट, मागे फिरवलेले केस, चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. त्याने हाजींकडे पाहिलं. हाजींनी छताकडे पाहिलं. मोठी माणसं अशीच असतात, मुनीनाला वाटलं.

“बाबा म्हणतात, मीटरला तेरा युआन,” फांग म्हणाली. बाबा चहाकडे बघत होते.

मुनीना खोकली. सिदातीने अशी मान झटकली की फेटा सैल झाला.

“हाजी म्हणतात, दहा.”

फांग बाबांच्या कानाशी कुजबुजली. बाबांनी कप आदळला.

तासभर हेच चाललं. फांगच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मुनीनाला पहिल्यांदाच तिची कीव आली.

मग सिदाती उठला, पोटावर हात ठेवला आणि बाथरूमकडे निघाला. पाठोपाठ म्हाताराही उठून तिकडेच गेला. दोघी बायका जागच्या जागी ताठ झाल्या. फांगने ओतलेला चहा कपाबाहेर गेला. मुनीनाने देवाचं नाव घेतलं. आत सिदाती चिनीत एक शब्द जरी बोलला, तरी नऊ वर्षं पाण्यात आणि दुकान तेस्लेमच्या घशात.

पाच मिनिटांनी दोघं हात पुसत परत आले.

“अकरा...” फांगने तोंड उघडलं मात्र, म्हाताऱ्याने जोरात मान डोलावली. मुनीनाचे डोळे उघडेच होते, तरी सिदातीनेही डोलावली.

सह्या बायकांनीच केल्या. नवा नमुना मुनीनाचा झाला.

रस्त्यावर आल्यावर ती पायरीवरच बसली. आनंद व्हायला हवा होता, आलं ते रडू. नसलेल्या माणसाची बोलणी खाऊन खाऊन ती पार दमली होती.

“बिचारी फांग,” ती नाक पुसत म्हणाली. “माझा नवरा निदान खोटा तरी आहे. तिला हा असला बाप, तोही खराखुरा. काय नजर त्याची! तुला भीती नाही वाटली रे?”

“भीती कसली?” सिदाती फेटा सोडत म्हणाला. “रोज माझ्याकडून दोन रोट्या नेतो तो. आत हात धुताना विचारत होता, ‘मला दिवसाचे दोनशे आणि एक जेवण ठरलंय. तुला तुझी बाई किती देते?’”