मोज्यातले ठोके

कालावलच्या खाडीत दीपश्री मानेपर्यंत पाण्यात वाकली आणि हातमोजा घातलेला पंजा तिने तळाच्या वाळूवर धरला. वाळूखाली पाकट माशाची गाभण मादी निजली होती. जाळ्यात धरली की भेदरून ती पिल्लं अवेळीच टाकते, म्हणून आता तिला कोणी हात लावत नसे. पाकटाच्याच पेशींपासून वाढवलेला हा मोजा हृदयाची बारीकशी वीजही पाण्यातून टिपायचा. आईचा संथ ठोका आणि पोटातले तीन चिमुकले ठोके दीपश्रीच्या बोटांना लागत होते.

"तिनय पिल्लां जिती आसत, वयनी!" ती ओरडली.

तिची भावजय मृणाली पोटुशी होती, दिवस भरत आले होते. सकाळपासून ती काठावर गप्प बसली होती. आता ती उठली आणि नेसत्या साडीनिशी पोट बुडेल एवढ्या पाण्यात शिरली.

"अगो, तू कित्याक इलंस?" दीपश्रीने आधाराला मोज्याचा हात पुढे केला, तो तिच्या पोटाला टेकला. मृणालीच्या काळजाची धडधड बोटांना लागली. बाळाचा ठोका नव्हताच.

मोजा बिघडला असणार. दीपश्रीने तो घाईघाईने वाळूपाशी नेला. तिन्ही पिल्लांचे ठोके तसेच लागले. तिने पुन्हा पोटावर हात ठेवला. काहीच नाही.

"वयनी, दवाखान्यात जावया. मोज्याचो काय भरवसो नाय..."

"कालपासून ता हललाच नाय गो," मृणाली म्हणाली. "म्हणानच पाण्यात इलंय. तोंडान इचारूक धीर होईना."

दीपश्रीने मोजा ओरबाडून काढला आणि तिला कवेत घेतलं. काठाकडे पाऊल मात्र दोघींचंही उचलेना.