फरिश्त्यांची सोय

टीव्हीवर हिंदीत लागणाऱ्या कोरियन मालिकेतल्या हिरोचा रंगीत प्रिंटआउट नौशीननं दूध बाजाराजवळच्या सायबर कॅफेतून आणला आणि पलंगाशेजारी चिकटवला. संध्याकाळी तिच्या मोठ्या भावानं, तौसीफनं, तो काढून माळ्यावर टाकला. "घरात तसवीर असली की रहमतचे फरिश्ते येत नाहीत," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या खोलीत दोन बॉडीबिल्डर आणि अख्खी क्रिकेट टीम भिंतीवर होती. तिथे फरिश्ते बहुधा डोळे मिटून येत असावेत.

नौशीननं वाद घातला नाही. तिनं मैत्रिणीला फक्त एक एसएमएस केला: त्या कोरियन हिरोनं इस्लाम कबूल केलाय, दहा जणांना कळवा, सवाब मिळेल.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तौसीफ जवळजवळ पळतच घरी आला. मशिदीबाहेर सगळ्यांच्या मोबाइलवर तोच मेसेज होता. एव्हाना हिरोला नवीन नावही मिळालं होतं आणि तो हज करून परतलाही होता.

"माशाअल्लाह, चेहऱ्यावर नूर बघ!" म्हणत त्यानं माळ्यावरून प्रिंटआउट काढला आणि बाहीनं पुसला. नौशीननं लगेच सेलोटेप पुढे केली. ती घेऊन तो थेट आपल्या खोलीत शिरला.

"भाईजान, तो माझ्या खोलीत होता ना?"

"पागल आहेस का? कालपर्यंत तो कोणी का असेना. आता मुसलमान आहे. तुझ्या खोलीत गैरमर्द कसा चालेल?"