ज्योतीला न शिवता

पडद्यावरच्या रेषा पुन्हा थरथरल्या, आणि सुषमाने कॅमेऱ्यावरचा हात मागे घेतला.

तिच्या छोट्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर बर्नरची निळी ज्योत शांत जळत होती. लेझरचा तांबडा प्रकाश तिच्यातून पार होऊन पलीकडच्या पडद्यावर रेषा उमटवत होता. ज्योतीच्या उष्णतेने त्या वाकत, आणि त्या वाकण्यावरून तापमान काढता येत होते. पण भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यात लूम धडधडत होते, सुरतेतल्या या बमरोलीची जमीनच हादरत होती. टेबलाच्या पायांखाली वाळूची पोती झाली, सायकलच्या ट्यूबा झाल्या, तरी हादरा जाईना. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी भागातली वीजही बंद असे. आणि मुंबईहून उसना आणलेला लेझर आज संध्याकाळच्या गाडीने परत जायचा होता. वर्षभराचे काम या एका फोटोसाठी अडले होते.

ती उठली आणि थेट कारखान्यात गेली. आत बोललेले ऐकू येईना, म्हणून तिने लूममास्तर वाल्मिकला दाराबाहेर बोलावले.

"मास्तर, थोडा वेळ सगळे लूम बंद ठेवाल?"

"मधीच बंद केले की कापडावर पट्टा पडतो, ताई. शेठ मलेच धरतील." तो धरणगावचा, सुरतेत केस पिकले तरी बोली गावचीच होती. "असं काम तरी काय शे?"

"ज्योत किती तापलीय ते मोजायचंय."

"मंग थर्मामीटर घाला ना तिच्यात."

"आत काहीही घातलं की ज्योत बदलते, मास्तर. मग मोजलं ते तिचं नसतंच. म्हणून फक्त उजेड पार करायचा."

वाल्मिक तिच्याकडे पाहत राहिला. "तिले न शिवता?"

"न शिवता."

"मंग मलेबी ती ज्योत दखाडा," तो म्हणाला. "शेठले मी सांगसू."

एकेक करत लूम थांबले. सुषमा धावत परतली. पडद्यावरच्या रेषा हळूहळू स्थिरावल्या आणि ज्योतीभोवती नितळ वाकल्या, इतक्या रेखीव की तिला क्षणभर बटण दाबायचे सुचेना. मग रीळ संपेपर्यंत ती फोटो काढत राहिली.

मागे वळली तेव्हा वाल्मिक दारात उभा होता. त्याची नजर पडद्यावरून ज्योतीकडे आणि ज्योतीवरून पुन्हा पडद्याकडे जात होती.

"झालं, मास्तर. चालू करा आता."

"आत्ते नको," तो म्हणाला आणि कारखान्याच्या दिशेने वळून त्याने हाक मारली, "या रे सगळे! पण पाय वाजवू नका!"

अंगावर सुताचे तंतू घेऊन माणसे आली. दाराशी दाटीने उभी राहिली. बॉबिन भरणारी सुंदरा सगळ्यांत पुढे होती. आपल्या श्वासाने ज्योत हलू नये म्हणून तिने पदर तोंडावर घट्ट धरला होता.